रोमान्स आणि रहस्य एकत्र लिहिताना: 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' उघडून बघूया

प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मुलगा आठ एपिसोडची वेबसिरीज लिहितोय. तळकोकणातलं गाव, आरोग्य उपकेंद्रात बदली होऊन आलेली नर्स, गावातलाच एक कॉन्स्टेबल, दोघांचं जुळत असतं आणि गावात खून होतो. त्याची अडचण अशी की खून झाला की प्रेमकथा बसते, आणि प्रेमाचे सीन सुरू केले की गावात खून झालाय हे लिहिणाराही विसरतो आणि बघणाराही. कोरियन ड्रामात हे दोन्ही एकत्र कसं काय चालतं, एखादं उदाहरण घेऊन नीट सांगा ताई, असं म्हणालाय.

ताई म्हणालास म्हणून तूच म्हणते. मी सतरा वर्षं डेली सोप लिहितेय, आधी फक्त संवाद, नंतर पटकथा, मधे दोन क्राइमच्या सिरीजवर पण काम केलं, त्यामुळे तू जिथे अडकलायस तिथे मी पण चांगली अडकलेली आहे. उदाहरण म्हणून 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' घेते. मी ती तीनदा बघितली, त्यातला तिसरा वेळ वही घेऊन. खुनी कोण ते मी खाली सरळ सांगणार आहे कारण त्याशिवाय बांधणी समजावताच येत नाही, ज्यांना बघायची आहे त्यांनी आधी बघून या, वीस एपिसोड आहेत, वाया जाणार नाहीत.

आधी पार्श्वभूमी. ही केबीएस टू या चॅनलवर १८ सप्टेंबर ते २१ नोव्हेंबर २०१९ मध्ये बुधवारी-गुरुवारी रात्री लागायची. लेखन इम सांग-चून, हे टोपणनाव आहे, आणि दिग्दर्शन चा योंग-हून. दोघांनी २०१६ मध्ये याच चॅनलसाठी चार भागांची एक छोटी मालिका केली होती, म्हणजे जोडी जमलेली होती. सुरुवात झाली सहा-सात टक्के रेटिंगने आणि शेवटचा भाग पोचला २३.८ टक्क्यांवर. २०२० च्या बेकसांग पुरस्कारांत (हे कोरियातले टीव्ही-सिनेमाचे मोठे पुरस्कार) टीव्ही विभागातला सर्वोच्च पुरस्कार हिला, शिवाय पटकथेचाही हिलाच.

कथा अशी. ओंगसान नावाचं समुद्राकाठचं छोटं गाव, हे गाव काल्पनिक आहे. तिथे एक अख्खी गल्ली सोया सॉसमध्ये मुरवलेले कच्चे खेकडे विकणाऱ्या खानावळींची, त्याला ते गेजांग म्हणतात, आणि गल्लीवर राज्य बायकांचं. नवरे गल्ल्यावर नाहीत, गल्ल्यावर बायका. तिथे एक तरणी देखणी बाई एकटी येते, गाळा भाड्याने घेते, सगळ्यांना वाटतं फुलांचं दुकान काढणार, आणि ती काढते बार. नवरा नाही, कडेवर पोर. नाव डोंगबेक, म्हणजे कॅमेलियाचं फूल, हिवाळ्यात फुलतं ते, आपल्या चहाच्या झाडाचं सख्खं भावंड. बारचं नावही कॅमेलिया. मग काही वर्षं गावाने तिला जे काही भोगायला लावलंय ते लावलंय, आणि आता पोलिसातला योंगशिक बदली होऊन आपल्या गावी परत येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. मुलगा पिलगू आता आठ वर्षांचा आहे, त्याचा बाप जोंगर्योल हा नावाजलेला बेसबॉल खेळाडू, आणि आपल्याला मुलगा आहे हे त्या बापालाच माहीत नाही. आणि या सगळ्यात एक सीरियल किलर, ज्याला गाव काबुरी म्हणतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

काबुरी हे नाव पडलं कारण तो प्रेताजवळ एक चिठ्ठी ठेवतो, त्यात लिहिलेलं असतं 'काबुलजी मा'. इंग्रजी सबटायटलमध्ये याचं काहीतरी गुळमुळीत होऊन जातं, पण मराठीत याला अगदी नेमका शब्दप्रयोग आहे, 'जास्त उड्या मारू नकोस'. बघ, हे वाक्य आपल्याकडे कोण कोणाला म्हणतं? सासू सुनेला म्हणते, मास्तर पोराला म्हणतो, गाव नव्याने आलेल्या बाईला म्हणतं. पायरी सोडू नकोस, पदर सांभाळ, शहाणपणा दाखवू नकोस. ओंगसान गाव डोंगबेकला रोज हेच म्हणतंय. बाजारात म्हणतं, शाळेत म्हणतं, घरमालक दारू पिऊन म्हणतो. खुनी काही वेगळं बोलत नाही, गावाचंच वाक्य तो शेवटपर्यंत नेतो. आणि योंगशिक हा एकटा माणूस तिला उलटं सांगतो, की तू मार उड्या, तू किती भारी आहेस ते तुलाच ठाऊक नाही. त्याचं प्रेम म्हणजे दुसरं काही नाही, रोज दारात येऊन एवढंच सांगणं.

कळलं का मी काय म्हणतेय? रोमान्स आणि रहस्य हे इथे दोन ट्रॅक नाहीतच. प्रश्न एकच आहे, ही बाई मान वर करून जगू शकेल का, आणि त्या एका प्रश्नाला दोन पुरुष दोन उत्तरं देतायत, एक प्रेमाने आणि एक चाकूने. तुझ्या स्क्रिप्टमध्ये मला हेच दिसत नाहीये. तुझ्या नर्सचा प्रश्न वेगळा आणि तुझ्या खुनाचा प्रश्न वेगळा, खून जमिनीच्या वादातून झालाय आणि नर्सला जमीनच नाही, मग दोन्ही एकमेकांना हात कसा देणार.

आता हे त्यांनी सीनमध्ये कसं उतरवलंय ते बघ, कारण थिअरी सांगायला काय जातं.

पहिला सीन शेंगदाण्याचा. घरमालक ग्यूते, गावातला प्रतिष्ठित म्हणवून घेणारा, कॅमेलियात येऊन बसतो आणि शेंगदाणे फुकट मागतो. डोंगबेक सांगते, शेंगदाणे आठ हजार वॉन. तो चिडतो, तिचा हात धरतो, आमच्याबरोबर बसून एक पेग घे म्हणतो. ती भित्री बाई आहे हं, आवाज बारीक, डोळ्यात डोळे घालून बोलत नाही, पण ती शांतपणे मेन्यूतल्या पदार्थांचे भाव म्हणून दाखवते, याचे इतके, त्याचे इतके, आणि मग म्हणते की या किमतीत माझ्या मनगटाचे आणि माझ्या हसण्याचे पैसे धरलेले नाहीत. बास, एवढंच. योंगशिक बाजूच्या टेबलावर बसून हे ऐकतो आणि कायमचा गार होतो. आधी पुस्तकांच्या दुकानात तिला बघून त्याला ती आवडलेलीच होती पण ते नुसतं रूप बघून, खरं प्रेम इथे सुरू होतं, ती 'उड्या मारते' त्या क्षणी. म्हणजे ज्या गोष्टीवरून काबुरी माणसं मारतो नेमक्या त्याच गोष्टीवर योंगशिक भाळतो. पहिल्याच भागात. त्या वेळी प्रेक्षकाला हे कळत नाही आणि कळायची गरजही नाही, पण पाया तिथे घालून झालाय.

दुसरा सीन भिंतीचा. कॅमेलियाची एक भिंत गिऱ्हाइकांनी खरडून ठेवलेल्या मजकुराने भरलेली आहे, आपल्याकडे किल्ल्यांवर असतं तसं, अमका अमकीवर प्रेम करतो, आम्ही इथे आलो होतो वगैरे. ती भिंत तू कित्येकदा बघतोस, तिच्यासमोर दोघांचे हलकेफुलके सीन होतात, पोरगा तिथेच बसून खातो, ती भिंत म्हणजे घर वाटायला लागते. आणि मग एक दिवस योंगशिक त्या खरडण्यांमधे एक ओळ वाचतो, आशय असा की डोंगबेक, तुलाही सांगितलं होतं ना उड्या मारू नकोस, तेव्हापासून मी रोज तुला बघतोय. काही वर्षांपूर्वी एका ब्यूटी पार्लरमधे काबुरीने खून केला तेव्हा ती तिथे होती, चेहरा तिने बघितला नाही, पण त्याच्या तावडीतून वाचलेली ती एकटीच. तर तो माणूस गिऱ्हाईक म्हणून येऊन बसून गेलाय, तिच्या हातचं खाऊन गेलाय.

मला हा सीन बघताना पहिल्यांदा अक्षरशः गार वाटलं, आणि वहीत मी लिहिलं की यांनी भीतीसाठी नवीन जागा बांधलीच नाही. अंधारी गल्ली नाही, पडका वाडा नाही, जिथे प्रेम चाललंय तीच भिंत. आपण काय करतो, रोमान्सला समुद्रकिनारा आणि खुनाला जंगल. लोकेशनच वेगळं केलं की ट्रॅक वेगळे झालेच म्हणून समज. तू पण तेच केलंयस, जेट्टीवर प्रेम आणि काजूच्या बागेत प्रेत.

आणि 'रोज तुला बघतोय' हे वाक्य परत वाच. गाव तिला रोज बघतंय. योंगशिक तिला रोज बघतोय, ती नको नको म्हणते तरी दुकानाबाहेर उभा असतो. खुनी तिला रोज बघतोय. बघण्याचीच तीन रूपं आहेत आणि लेखकाने प्रेक्षकाला त्यातला फरक ओळखायला लावलाय. योंगशिकचा पाठलाग आपल्याला खटकू शकला असता, काही ठिकाणी मला खटकलाच, पण खुनी शेजारी उभा केल्यामुळे लेखकालाही सतत दाखवत राहावं लागतं की या बघण्यात आणि त्या बघण्यात नेमका काय फरक आहे, की हा माणूस ती जा म्हणाली की जातो, तिच्या वतीने निर्णय घेत नाही, तिला घाबरवत नाही. म्हणजे रहस्यामुळे रोमान्स जास्त जबाबदार झालाय, त्यातलं फिल्मीपण कमी झालंय.

तिसरी गोष्ट आगीची, आणि ही मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेली आहे कारण पटकथा म्हणून हा फार मोठा धडा आहे. काबुरी डोंगबेकला एका ठिकाणी बोलावून कोंडतो आणि आग लावतो. योंगशिक आत घुसून तिला बाहेर काढतो आणि जखमी होतो. आता इथे आपल्यातला कोणीही लेखक काय लिहील? हॉस्पिटल, ती उशाशी, हातात हात, गाणं. तेही थोडं आहेच, पण खरा सीन योंगशिकच्या आईचा आहे. ही आई डोकसून, खेकड्यांच्या गल्लीतली सगळ्यात मोठी हॉटेलवाली, आणि गावात डोंगबेकच्या बाजूने उभी राहिलेली पहिली आणि बराच काळ एकमेव बाई. स्वतः विधवा, तीन मुलगे एकटीने वाढवलेले, योंगशिक तर बाप गेल्यावर जन्मलेला. एकटीने पोर वाढवणं म्हणजे काय हे तिच्याइतकं त्या गल्लीत कोणाला कळत नाही, डोंगबेकवर तिचा जीव आहे. पण सून म्हणून? आणि आता तर या मुलीपायी आपलं पोर भाजून हॉस्पिटलात पडलंय. ती वाईट बाई नाहीये आणि तरी ती नाही म्हणते, तोंड फिरवते, आणि डोंगबेकची एकुलती एक मैत्रीण तुटते.

म्हणजे खुन्याने काडी लावली आणि जळलं काय तर सासू होऊ घातलेल्या बाईशी असलेलं नातं. गुन्ह्याची घटना प्रेमातला अडथळा तयार करते. दुसरीकडे तो अडथळा आला म्हणून दोघांना एकमेकांबद्दल जे बोलायचं नव्हतं ते बोलावं लागतं. मी मालिकेच्या मीटिंगमधे नवीन लेखकांना नेहमी एक गोष्ट करायला लावते, वन लाइनर, म्हणजे एपिसोडमधल्या सीनची थोडक्यात यादी, लिहून झाला की गुन्ह्याचे सीन एका रंगाच्या पेनने आणि प्रेमाचे दुसऱ्या रंगाच्या पेनने अधोरेखित करायचे, आणि मग बघायचं की एका रंगाचे सगळे सीन काढून टाकले तर दुसऱ्या रंगाची कथा तशीच्या तशी चालते का. चालत असेल तर तुझ्याकडे दोन कथा आहेत आणि एपिसोड एक. कॅमेलियात आग काढून बघ, डोकसूनचा नकारच तेवढा धारदार राहत नाही.

ह्यांगमीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ह्यांगमी म्हणजे कॅमेलियात कामाला असलेली मुलगी, सोन दाम-बीने केलेली, नेहमी अर्धवट झोपेत असल्यासारखी, केस अर्धे रंगवलेले आणि मुळाशी काळे, बारीकसारीक वस्तू उचलणारी. पहिले कितीतरी भाग ती विनोदी पात्र आहे. ग्यूतेकडून पैसे उकळायला बघते, जोंगर्योलचं गुपित कळल्यावर त्याच्याकडूनही, सगळ्यांचं सगळं तिला माहीत असतं कारण तिच्याकडे कोणी माणूस म्हणून बघतच नाही. मालिका उघडते तीच मुळी एका प्रेताने, पाण्याकाठी पोलीस जमलेत, बाईचं प्रेत, मनगटावर एक ब्रेसलेट, योंगशिक ते बघून हादरतो. मग कथा मागे जाते आणि ते ब्रेसलेट आपल्याला डोंगबेकच्या हातात दिसतं. झालं, आता प्रत्येक प्रेमाचा सीन बघताना प्रेक्षकाच्या पोटात गोळा आहे, ही हसतेय, ही मरणार. ही युक्ती नीट लक्षात घे, प्रेमाचे सीन अजिबात न बदलता त्यांनी त्यावर टांगती तलवार ठेवली. सीन साधा असतो, दोघं चालत घरी जातायत, पण आपण तो साधेपणाने बघूच शकत नाही.

आणि मरते ह्यांगमी. डोंगबेकच्या जागी डिलिव्हरी द्यायला जाते आणि परत येत नाही. तिच्या आईचाही कधीकाळी त्याच गावात बार होता, त्याचं नाव एका फुलावरूनच होतं, ज्या फुलाचा अर्थ मला विसरू नका असा धरतात. भाऊ कोपनहेगनला, त्याला ती इथून पैसे पाठवत राहिली, तिकडे जायचं हे तिचं स्वप्न, आणि त्या भावाला ती आलेली नकोच आहे. हे सगळं आपल्याला कधी सांगितलं जातं? ती मरायच्या जरा आधी, आणि मग मेल्यावर. मला रडू आवरलं नव्हतं. म्हणजे 'मेलं कोण' या कोड्याचं उत्तर आल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं, की चला डोंगबेक वाचली, आणि तसं वाटतही एक सेकंद, आणि त्याच सेकंदाची आपल्याला लाज वाटते, कारण आपणही त्या गावासारखेच वागलो, ह्यांगमीकडे बघितलंच नाही. रहस्याचं उत्तर इतकं बोचणारं मी फार कमी वेळा बघितलंय.

शिवाय ह्यांगमीने ज्यांना ज्यांना डिवचलंय ते सगळे आता संशयित. विनोदी घरमालक संशयित, त्याची वकील बायको हाँग जायंग संशयाच्या फेऱ्यात, बेसबॉलवाला बाप संशयित. संशयित म्हणून बाहेरून एकही नवीन माणूस आणलेला नाही बघ. ज्या लोकांचे संसार, भांडणं, फाटलेली लग्नं आपण आधीपासून बघत होतो तेच. ग्यूते आणि जायंग यांचं घटस्फोटाकडे गेलेलं लग्न या संशयामुळेच परत जुळायला लागतं, कारण नवरा पोलिसात अडकल्यावर धावून कोण जाणार, तर तीच. ओ जोंग-से आणि योम हे-रान या दोघांनी ते इतकं गोड केलंय की माझ्या मते ही मालिकेतली दुसरी प्रेमकथाच आहे, आणि ओ जोंग-सेला बेकसांगचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार याच भूमिकेसाठी मिळाला.

प्रमाणाचाही तू प्रश्न विचारला होतास, खून किती आणि प्रेम किती. या मालिकेची ओळखच मुळात फुटबॉलच्या भाषेत ४-४-२ अशी करून दिलेली होती, चार हिस्से प्रेम, चार हिस्से माणसांची गोष्ट, दोन हिस्से थ्रिलर. दहात दोनच. तरी कोणालाही विचार, ती खुनाची मालिका म्हणून पण आठवते. तिखट जसं दहा चमचे घालावं लागत नाही तसंच हे, पण ते दोन चमचे वरून भुरभुरवायचे नाहीत, फोडणीत जायला हवेत. तू उलट करतोयस, सहा भाग तपास, आणि तपास तुला येत नाही, खोटं कशाला बोलू. पोलिसांची कार्यपद्धती, पंचनामा, सीडीआर म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, हे तू नेटवरून काढून घातलेलं दिसतंय. ते कमी कर. कॅमेलियातले पोलीस सुद्धा काही फार हुशार तपास करत नाहीत, छोट्या ठाण्यातली साधी माणसं आहेत, आणि ते चालून जातं कारण मालिकेने तपासाचं वचन दिलेलंच नाही.

आता शेवट ठरवण्याबद्दल, कारण इथे माझं स्वतःचं पोळलेलं आहे. एका डेलीत आमची जोडी लोकांना आवडत होती, रेटिंग थोडं घसरलं, वरून निरोप आला खुनाचा ट्रॅक आणा. आणला. नायकाच्या काकाचा खून. सहा आठवडे नायिका पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून होती आणि नायक फोनवर, दोघं एकमेकांशी एक वाक्य धड बोलले नाहीत. बायका भेटल्या की विचारायच्या, अहो ते दोघं बोलणार कधी? आणि खुनी कोण हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण ज्याला खुनी करायचं होतं तो नट मधेच सोडून गेला, मग दुसऱ्याला करायचं ठरलं, मग चॅनलला ते पटलं नाही, असं करत तिसऱ्यावर गेलो, आणि आधी पेरलेल्या सगळ्या खुणा खोट्या ठरल्या. प्रेक्षकाने महिना दीड महिना लक्ष ठेवून जे जे गोळा केलं होतं ते आम्ही त्याच्या तोंडावर फेकून दिलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, लोक आपल्यावर विश्वास ठेवून रोज बावीस मिनिटं देतात.

कोरियन मालिकांना इथे एक मोठा फायदा आहे, त्या संपतात. दहा आठवडे, वीस रात्री, आणि बहुतेक वेळा एकच लेखक सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुला आकड्यांचा घोळ वाटेल म्हणून सांगते, कॅमेलियाचे मूळ भाग ४० आहेत आणि नेटफ्लिक्सवर २०. त्याचं कारण असं की तेव्हा तिथल्या जुन्या प्रसारण वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मधे जाहिरात दाखवायची परवानगी नव्हती, म्हणून एका तासाचे दोन भाग पाडून मधे जाहिराती लावायचे. लेखकासाठी याचा अर्थ दर अर्ध्या तासाला एक हाय पॉइंट. तुझा एपिसोड चाळीस मिनिटांचा आहे, मधे ब्रेक नाही, तरी तू विसाव्या मिनिटाला ब्रेक आहे असं समजून लिहून बघ, आणि एक टोक भीतीवर सोडलंस तर दुसरं नात्यावर सोड.

खुनी कोण ते आता सांगते. हुंगशिक, हार्डवेअरच्या दुकानातला, गावात कोणाचं काय बिघडलं की दुरुस्त करायला येणारा, अंग चोरून वावरणारा पोरगा. तो कितीतरी सीनमधे आहे. समोर आहे. आपण त्याच्याकडे बघत नाही कारण त्या सीनमधे प्रेम चाललेलं असतं, किंवा कोणीतरी भांडत असतं, आणि तो मागे काहीतरी कामात असतो. रोमान्सचा त्यांनी पडद्यासारखा उपयोग केलाय, खुनी प्रेमाच्या सीनच्या मागे लपवलाय. मधे त्याचा अपंग बाप गुन्हा अंगावर घेतो आणि सगळ्यांना वाटतं संपलं. पण डोंगबेकच्या डोक्यात पार्लरमधल्या त्या दिवसाची एक खूण आहे, एक खोकला. आणि तोच खोकला शेवटी तिच्याच बारमधे, तिच्याच समोर बसलेल्या हुंगशिकच्या तोंडून येतो. मग ती काय करते? योंगशिकला फोन करून वाट बघत बसत नाही. बिअरचा जाड काचेचा मग उचलते आणि त्याच्या डोक्यात घालते. आणि गल्लीतल्या त्या बायका, ज्यांनी इतकी वर्षं तिला छळलं, त्याच धावत येऊन त्याला बडवतात.

पहिल्या भागातली मनगट आणि हसण्याचा भाव सांगणारी भित्री बाई, आणि शेवटची मग घालणारी बाई, या दोघींमधला प्रवास म्हणजेच प्रेमकथा. योंगशिकने वीस भाग तिला जे सांगितलं ते तिला पटलं याचा पुरावा म्हणजे तो मग. मिठी हा पुरावा नाही, लग्न हा पुरावा नाही. तपास पूर्ण होणं आणि प्रेम पूर्ण होणं एकाच ॲक्शनमधे घडतं, आणि नायक त्या फ्रेममधे नसला तरी चालतं.

सगळंच छान आहे असं नाही. डोंगबेकला लहानपणी अनाथाश्रमात सोडून गेलेली आई परत येते, ली जोंग-उन या फार ताकदीच्या नटीने ती केलीय, 'पॅरासाइट'मधली ती घरकामवाली बाई, पण आईच्या किडनीच्या आजाराचा ट्रॅक शेवटी खूप जागा खातो आणि तिथे मला ते आपल्या डेलीसारखं ताणलेलं वाटलं. मुलाचा सीन मात्र खरा आहे, आईने लग्न करावं का या प्रश्नात पिलगू मधे सापडतो, बापाकडे राहायला जातो, आणि डोंगबेक योंगशिकला सोडून देते, मी आता फक्त आईच राहणार म्हणते. इथे खुनी नाही, कोणी दुष्ट नाही, तरी प्रेम तुटतं. हुंगशिकची बाजू पण त्यांनी फार उलगडली नाही, लोक आपल्याला कमी लेखतात ही त्याची चीड एवढंच, काहींना ते अपुरं वाटलं. मला ते बरोबर वाटलं. ज्या गावाने एका बाईला इतकी वर्षं कमी लेखलं आणि तिने कोणाचा जीव घेतला नाही, त्या गावात त्याच्या चीडीला जास्त मिनिटं कशाला द्यायची? चौकशीत योंगशिक त्याला साधारण असं म्हणतो की तुझ्यासारखा एखादा निघतो, पण आम्ही घोळक्याने आहोत, तुम्ही जास्त की आम्ही जास्त.

भाषेबद्दल एक, कारण तू कोकणात गोष्ट ठेवलीयस आणि सगळे पुण्यातल्यासारखे बोलतायत. चित्रीकरण झालंय पोहांगजवळच्या गुर्योंगपो बंदरावर, जपानी काळातल्या घरांची जुनी गल्ली आणि वर चढत जाणारा दगडी जिना आहे तिथे, पण पात्रं बोलतात चुंगचोंग प्रांताची बोली. ती बोली संथ आणि आडवळणाची म्हणून ओळखली जाते. कांग हा-नुल सैन्यातून सुटून आल्यावरची ही पहिलीच मालिका, आणि त्याचा योंगशिक त्या बोलीमुळेच बिनधोक वाटतो, गावठी, भाबडा, चेहऱ्यावर सगळं दिसणारा, त्यामुळे तो जेव्हा खुन्याच्या मागे लागतो तेव्हा हिरोगिरी वाटत नाही. तुझा कॉन्स्टेबल मालवणी बोलू दे. नर्स घाटावरची आहे ना, तिला त्याचं अर्धं कळू नये, प्रेमात ते किती कामाला येईल बघ, आणि साक्षीदाराची जबानी घेताना सुद्धा, तिने एक शब्द चुकीचा समजून घेतला तर तपास दोन एपिसोड भलतीकडे जाईल.

आता तुझ्या तिसऱ्या एपिसोडमधला तो सीन घे, रात्री उपकेंद्रात लाइट गेलेत, ती मेणबत्तीच्या उजेडात त्याच्या हाताला टाके घालतेय, सीन तू चांगला लिहिलायस, मला आवडला. तिथे औषधांच्या कपाटाशेजारी एक रजिस्टर असेल, येणाऱ्या पेशंटचं. जमिनीचा वाद काढून टाक, खुनाचं कारण त्या रजिस्टरमधे आण, गावातल्या कुठल्यातरी बाईचं नाव, जे तिने लिहायला नको होतं असं गावाचं म्हणणं आहे, आणि तिने नियमाने लिहिलं. टाके घालताना तिला त्याला ते सांगायचंय आणि तो गावातलाच आहे म्हणून ती गप्प बसते. मग सातव्या टाक्याला तो विचारतो, तू घाबरलीयेस का? ती काय उत्तर देते ते आधी लिही, आणि ते पान मला पाठव.